गजभिये मॅडम बसत नाहीत

गजभिये मॅडमच्या खोलीत एकच धड खुर्ची होती आणि तिच्यावर मी बसायचो. चोरून नव्हे, उघडपणे. हँगरच्या कोपऱ्यातली ती पत्र्याची खोली, आत कूलर, कूलरच्या बरोबर समोर ती खुर्ची, आणि मालकिणीला बसायची सवयच नाही. हवामान खात्यातून निवृत्त झाल्यावर मी नागपुरातल्या या छोट्या खासगी विमानशाळेत पोरांना ढग, वारे आणि तापमान शिकवायला लागलो, तेव्हा मला टेबल मिळालं होतं, खुर्ची यायची होती. ती सरकारी थाटात यायचीच राहिली. पहिल्याच दिवशी मॅडमनी मला दारात घाम पुसताना पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, ते खुर्ची रिकामीच राहते. बसा न. मले तिचा काही उपयोग नाही."

त्या आमच्या शाळेच्या मुख्य देखभाल इंजिनिअर. विमान उडण्यालायक आहे की नाही, हे ठरवून सही करणारं माणूस. पन्नाशी उलटलेली, उंची बेताची, अंगात निळी डांगरी, केस मागे करकचून बांधलेले. चहा उभ्यानं, डबा उभ्यानं, फोन तर चालत चालतच. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे मान सारखी डावीकडून उजवीकडे फिरवावी लागे. मी जन्माचा बैठा माणूस. ढग आपल्याकडे चालत येतात, आपण कशाला उठायचं, या विचाराचा. त्यामुळे सुरुवातीला त्यांची मला थोडी धास्तीच वाटली.

"मॅडम, बसल्यानं काय बिघडतं हो?" असं मी एकदा विचारलं.

"बसलं का माणसाले वाटते, सगळं ठीक चालू आहे," त्या खिडकीपाशी जाऊन परत येत म्हणाल्या. "अन् सगळं ठीक कधीच नसते, सर. आपल्याले फक्त ऐकू येत नाही."

हे ऐकू न येण्याचं प्रकरण मला कळलं ते वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर. मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो होतो. तो अनुभव ज्यानं घेतला त्यालाच माहीत. पुढे एक तरुण पाण्याचे कॅन लादलेली मोटरसायकल घेऊन चढ चढत होता. गाडी टॉपमध्ये, वेग कमी, आणि इंजिनातून टक-टक-टक असा कोरडा आवाज. मॅडमनी स्कूटर त्याच्या बाजूला नेली आणि ओरडल्या, "ओ दादा! काहून जीव घेऊन राहिले तिचा? गिअर कमी करा! ठोकून राहिलं ते!"

त्यानं आधी साइड स्टँड पाहिला, मग चाक पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. चढ संपताच मॅडमनी त्याला चक्क अडवलं. भर उन्हात, मागे हॉर्नचा कल्लोळ चाललेला असताना, त्या त्याला समजावत होत्या की चढावर मोठा गिअर ठेवला की इंजिन दबतं, आतलं पेट्रोल वेळेआधी आणि भलत्या ठिकाणी पेटतं, तोच हा आवाज. तो बिचारा "हाव ताई, हाव ताई" करत सुटला. पुढच्या चढाला मात्र त्यानं गिअर कमी केला आणि टकटक थांबली. वळून त्यानं हात दाखवला.

मला वाटलं, मॅडम खूश होतील. त्या पुढच्या गाड्यांचे आवाज ऐकत होत्या. सिग्नलला थांबल्यावर म्हणाल्या, "याचं बरं आहे. याचं इंजिन ओरडते तरी. आपल्या विमानाचं ओरडत नाही."

विमानात पुढे पंखा घोंघावत असतो, वारा असतो, पोरांच्या कानांवर हेडफोन असतात. आत सिलिंडरमध्ये तीच ठोकठोक सुरू झाली तरी वैमानिकाला ती ऐकू येत नाही. "तिथं आतून पिस्टन कुरतडला जाऊन राहते," त्या म्हणाल्या, "अन् पोरगं वर बसून गाणं म्हणते." हिरवा दिवा लागला आणि मी पुढचं काही ऐकण्याऐवजी सीट घट्ट धरली.

वर्गात कुणी "सिलिंडरमध्ये स्फोट होतो" असं म्हटलं की त्या खडू फेकून मारत. नेम चांगला होता. "स्फोट होत नाही! स्फोट झाला तर सामान बांधा अन् घरी जा! तिथं आग लागते, अन् ते आग चालत जाते. चालत!" पोरं वहीत 'चालत' लिहून घेत, पण तोंडावरून दिसायचं की कुणाच्या डोळ्यापुढे काही उभं राहत नाहीये. मॅडमना ते सहन होईना. एका उन्हाळी सकाळी त्यांनी अख्खा वर्ग, आणि वारा सांगायला मला, गाडीत कोंबून कन्हानच्या पुढे आपल्या भावाच्या शेतावर नेलं.

पेरणीआधी आमच्याकडे बांधावरचं वाळलं गवत जाळतात, त्याला धुरे जाळणं म्हणतात. मॅडमच्या भावाचा एक लांब धुरा जाळायचा राहिला होता. दुसऱ्या टोकाला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीचा ढीग रचलेला. वारा नाही, असं मी अधिकारवाणीनं सांगितलं. भावानं पाण्याचे ड्रम भरून ठेवले आणि मॅडमनी एका टोकाला काडी लावली.

"पाहा!" त्या आगीच्या बाजूनं चालू लागल्या. "पाऊल पाऊल चालून राहिली. जळलेलं मागं, न जळलेलं पुढं, मधात आगीची एक रेघ. आपल्या सिलिंडरमध्ये प्लगची ठिणगी पडली का असंच होते. हे रेघ पसरत जाते, गॅस फुगते अन् पिस्टनले खाली रेटते. धक्का नाही, रेटा! झोपाळ्यावरच्या लेकराले देतो तसा."

पोरं मोबाइल धरून मागे मागे. ज्वाळा ढिगाच्या जवळ आल्या तसा ढीग नुसताच धुपायला लागला. आग अजून हातभर लांब होती. आणि मग भक्कन, एका क्षणात, अख्खा ढीग पेटला. खालून, वरून, मधून, सगळीकडून एकदम. तोंडावर अशी धग आली की मी चार पावलं मागे गेलो आणि शेजारच्या बांधावर बसलो.

"सर, इथं बी बसले!" मॅडम म्हणाल्या आणि लगेच पोरांकडे वळल्या. "हे डिटोनेशन. आग पोचलीच नव्हती तिथं. तिची वाट पाहता पाहता उरलेलं सगळं तापत गेलं, अन् एकदम गेलं. सिलिंडरमध्ये ते तापते बी अन् दाबलं बी जाते, म्हणून तिथं हे याच्याहून वाईट. मंग रेटा राहत नाही, घणाचा घाव होते. दर फेऱ्याले एक घाव."

तेव्हा मागून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पण पेट्रोल कमी दिलं तर आग कमी लागंल न? मंग तुम्ही वर्गात काहून म्हणता का पेट्रोल कमी झालं का जास्त तापते?"

ही काटोलची ऋतुजा. वडिलांची संत्र्यांची आडत. मुलगी लहानपणापासून बाजारातल्या बोलीच्या गलक्यात वाढलेली, त्यामुळे चारचौघांत विचारायला लाजत नसे. मॅडमनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू इतकी वर्षं याच प्रश्नाची वाट पाहत होत्या.

"तुमच्या घरी कूलर आहे न वं? त्यातलं पाणी संपलं का काय फेकते तो?"

"गरम हवा."

"पंखा तर तोच आहे. मंग काहून? पाणी उडून जाता जाता गारवा देत होतं म्हणून. पूर्ण ताकद लावतो तेव्हा इंजिनले लागते त्याच्यापेक्षा जास्त पेट्रोल देतो आपण. ते जास्तीचं काही ताकद देत नाही. ते गारवा देते, अन् आगीले चालत ठेवते. ते काढून घेतलं का कूलर कोरडा."

परतीच्या वाटेवर गाडीत पोरं झोपली. मॅडम माझ्या शेजारच्या सीटवर होत्या, म्हणजे कागदोपत्री होत्या. निम्मा वेळ ड्रायव्हरच्या मागे दांडीला धरून उभ्या राहून त्याला गिअर सांगत होत्या.

आता लाल गुंडीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. आमच्या विमानांच्या पुढच्या फळीवर एक लाल गुंडी असते. आत दाबली की हवेत पेट्रोल भरपूर मिसळतं. बाहेर ओढत जाल तसं कमी होतं आणि पूर्ण ओढली की इंजिन बंद. उडताना ती पूर्ण आत हवी. पण आमच्या विमानांच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं, आणि जमिनीवर हळूहळू चालताना भरपूर पेट्रोल दिलं की ते प्लगवर बसून प्लग खराब होतात. म्हणून जमिनीवर असेपर्यंत गुंडी ओढून ठेवायची, उडायच्या आधी आत दाबायची. दाबायला कुणीतरी कधीतरी विसरणार, हे मॅडमनी धरूनच ठेवलं होतं. त्यांचा नियम होता की गुंडी इतकी ओढा, इतकी ओढा, की इंजिन बंद पडण्याच्या काठावर नुसता श्वास घेईल; यालाच त्या 'पुरती ओढणं' म्हणत. मग विसरून कुणी पूर्ण ताकद द्यायला गेलं, तर इंजिन तिथल्या तिथं बंद पडेल.

"जमिनीवर बंद पडलं तर लाज जाते," त्या म्हणत. पुढचं वाक्य पूर्ण करत नसत.

आणि अर्धी ओढली तर? तर इंजिन गोड चालतं. कुरकुरत नाही. पूर्ण ताकद मागितली तर तीही देतं, आणि वर गेल्यावर आतल्या आत भाजून निघतं. "ओढायची तर पुरती ओढा, नाही तर हात लावू नका. अर्ध्यात काही ठेवायचं नाही." हे त्या इतक्यांदा म्हणत की पोरं त्यांच्या माघारी त्यांना 'पुरती मॅडम' म्हणायची.

हा हट्ट कुठून आला, हे त्यांनी एकदा सांगितलं, अर्थातच येरझारा घालत. त्यांचे आजोबा छप्पन साली कन्हानहून पायी नागपूरला येऊन धम्मदीक्षा घेऊन गेले. घरी जाऊन त्यांनी जुना देव्हारा उचलला. आजी म्हणाली, एखादा राहू द्या कोपऱ्यात, काय बिघडते? "आजोबा म्हणाले, सोडायचं तर पुरतं सोडायचं. अर्ध्यात राहिलेला माणूस दोन्हीकडून भाजते." त्याच आजीनं पुढे घरातल्या मुलींना शाळेत घातलं, आणि तेही पुरतंच. सांगून झाल्यावर मॅडमनी उगाच एक पाना उचलला आणि जागच्या जागी ठेवला.

आता अडचण अशी की आमच्या छोट्या विमानांना धावपट्टीपर्यंत जायची वाट मोठ्या प्रवासी विमानांबरोबरच वापरावी लागते. पुढे आमचं दोन सीटचं चिमुकलं, मागे मुंबईला निघालेलं अख्खं भरलेलं जेट. अशा वेळी एखाद्या पोराचं इंजिन मॅडमच्या नियमानं बंद पडलं की मागचं जेट थांबे, टॉवरवरून झाप बसे, आणि पोरगं घामाघूम. परतल्यावर बाकीची पोरं त्याला 'बंद्या' म्हणून चिडवत आणि शाळेची रीतच होती की ज्याचं बंद पडलं त्यानं सगळ्यांना तर्री पोहे खिलवायचे. मॅडमना ही रीत मुळीच आवडत नसे. "अरे, त्याचं बंद पडलं म्हणजे नियम चालला न! त्याले हार घाला. पोहे तुम्ही खिलवा त्याले!" पोरं हसत आणि पोहे त्याच्याकडूनच घेत.

आमचे मॅनेजर तिवारी. माणूस वाईट नव्हता, पण टॉवरचा फोन आला की त्यांचा रक्तदाब चढे. एका दुपारी ते तणतणत मॅडमच्या खोलीत आले. मी खुर्चीत होतोच.

"मॅडम, पीछे पूरा जहाज भर के पैसेंजर खडे थे! ये तीसरी बार है. वो लोग बोल रहे हैं, दोपहर का टाइम ही बंद कर देंगे हमारा. फिर बच्चे उडेंगे कब? और आपकी नौकरी, मेरी नौकरी?"

मॅडम भांडल्या. पुष्कळ भांडल्या. पण पोरांचे उड्डाणाचे तास बुडतील, हे ऐकल्यावर त्यांचं चालणं मंदावलं. शेवटी खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "ठीक आहे. अर्धं बोट ओढतील. बंद नाही पडणार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात तसंच शिकवलं. गुंडी अर्धं बोट ओढा. पोरं खूश, तिवारी खूश, टॉवर खूश. मी म्हणालो, "बरं झालं मॅडम, कटकट गेली."

"ते कटकटच तर कामाची होती, सर," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांचं फिरणं वाढलं. विमान सुटलं की ते परत येईपर्यंत त्या हँगरच्या दारात इकडून तिकडे. आलं की धावत जाऊन आधी लाल गुंडीला हात लावून बघणार. चहा गार होऊन जाई. त्यांना आत काय टोचत होतं, हे मला कळत होतं, पण हवा सांगणाऱ्या माणसानं काय सांगावं?

मे महिन्यातली ती दुपार. डांबर मऊ झालेलं. पारा पंचेचाळिसावर, हे मीच फळ्यावर लिहिलं होतं. ऋतुजा एकटी उडणार होती. ती विमान घेऊन धावपट्टीच्या तोंडाशी गेली, सगळ्या तपासण्या केल्या, गुंडी आत दाबून इंजिन ठीक असल्याची खात्री केली. तेवढ्यात टॉवरनं तिला थांबवलं, कारण वरून एकामागून एक विमानं उतरत होती. ती थांबली, आणि शिकवल्याप्रमाणे प्लग वाचवायला गुंडी पुन्हा अर्धं बोट ओढली. उन्हात बराच वेळ गेला. मग एकदम हुकूम आला की रिकामी जागा आहे, ताबडतोब निघा. मागे जेट उभं. ती निघाली. पूर्ण ताकद दिली. इंजिनानं निमूटपणे ती दिली.

आम्ही दोघं हँगरच्या दारात होतो. विमान डोक्यावरून गेलं. "छान चाललंय," मी म्हणालो. मला नेहमीचाच आवाज वाटला. मॅडम डोळ्यांवर हात धरून पाहत होत्या.

ऋतुजा वेळेआधीच परत आली. उतरली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. वर चढताना सिलिंडरच्या उष्णतेचा काटा लाल पट्टीत गेलेला तिनं पाहिला, शोधता शोधता नजर गुंडीवर गेली, तिनं ती दाबली, ताकद कमी केली, आणि अलगद वळून खाली आणलं. हे सगळं तिनं न विचारता सांगितलं. मॅडमनी तिच्या खांद्यावर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं इंजिनाचं झाकण उघडायला घेतलंसुद्धा.

तासाभरानं त्या खोलीत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक प्लग होता. चिनी मातीला तडा गेलेला, आणि टोकावर बारीक चमकदार ठिपके.

"हे चमकते ते पाहा, सर. हा पिस्टन आहे, वितळून इथं चिकटला." त्यांनी प्लग खिडकीच्या उजेडात धरला. "कडेनं उंदरानं खाल्ल्यावाणी झाला आहे. आणखी थोडा वेळ राहिली असती पोरगी वर..."

मी खुर्चीतून उठलो. त्या बसल्या नाहीत. आम्ही दोघंही त्या कूलरसमोर नुसते उभे राहिलो.

दोन दिवसांनी तिवारींच्या केबिनमध्ये बैठक झाली. मला तापमान सांगायला बोलावलं होतं. ऋतुजा भिंतीला टेकून उभी. शाळेचं म्हणणं तयारच होतं, की विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा, उडताना गुंडी तपासली नाही, नाव कमी करा. काटोलहून तिचे वडील येऊन बाहेर बाकावर बसले होते. असा शेरा मारून काढलेल्या मुलीला दुसरी कुठली शाळा उभी करणार नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

मॅडम दारापासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून दारापर्यंत चालत होत्या.

"मॅडम, आप बैठिए ना," तिवारी म्हणाले.

"मी बसत नाही. लिहून घ्या. गुंडी अर्धी ओढायले मी शिकवलं. तिनं ते केलं जे मी शिकवलं. पुरती ओढली असती तर इंजिन जमिनीवरच बंद पडलं असतं, अन् तुम्हाले टॉवरचा एक फोन आला असता. बस."

तिवारींचा चेहरा उतरला. अर्ध्या बोटाचा आग्रह कुणाचा होता हे आम्हा तिघांना ठाऊक होतं. मला वाटलं, आता मॅडम त्यांचं नाव घेणार. त्या त्यांच्यासमोर थांबल्या आणि इतकंच म्हणाल्या, "तुम्ही म्हटलं होतं, खरं आहे. पण तुम्ही इंजिनिअर नाही. मी आहे. तुम्हाले ते आग कशी चालते हे माहीत नव्हतं. मले माहीत होतं."

मग त्यांनी एकच मागणं केलं. ऋतुजा राहील, आणि नियम पुरता राहील. त्या बदल्यात त्या जातील. तिवारींनी होकारार्थी मान हलवली. ऋतुजा रडायला लागली तेव्हा मॅडम तिच्यावर खेकसल्या, "रडून काहून राहिली वं? काटा पाहिला न तू? गुंडी सापडली न तुले? जा, बापाले पाणी दे."

जाताना त्यांनी पाने आणि बूट तेवढे नेले. "खुर्ची तुमचीच, सर," म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. कूलर तोच होता, खुर्ची तीच होती, पण तिच्यात मन लागेना. समोर कुणी चालत नसलं की बसण्यात काही मजा नसते, हे मला या वयात कळलं.

त्यांना नागपूरला लागून असलेल्या वाडीला काम मिळालं. ट्रकांच्या गोदामांमागे एक क्लास आहे, तिथे त्या विमान-देखभालीच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांना शिकवायला लागल्या. दर आठवड्याला मला फोन यायचा. मागे ट्रकचे हॉर्न आणि मॅडमची पावलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट प्रश्न, "सर, कोणाचं बंद पडलं का?"

"नाही हो मॅडम. सगळं सुरळीत आहे."

"कोणाचंच नाही?"

"कोणाचंच नाही."

मग तिकडे पावलांचा वेग वाढलेला. "म्हणजे पोरं अर्धीच ओढून राहिले. भिऊन राहिले लाजेले. नियम भिंतीवर आहे, हातात नाही. कोणी तरी विसरतेच न, सर! एवढ्या पोरांमधून एक बी विसरत नाही, असं होते का?"

मी त्यांना समजावायचो, की पोरं आता जास्त जपून वागत असतील. पावसाळा गेला, हिवाळा गेला. बाकीच्या जगाला काही बंद पडलं नाही की बरं वाटतं. या बाईची झोप त्यानंच उडाली होती. खरं सांगायचं तर हळूहळू माझीही उडाली. मीही पोरांच्या हातांकडे बघायला लागलो होतो, पण खिडकीतून मला काय दिसणार?

ऋतुजाला सगळं पहिल्यापासून करावं लागलं होतं. पुन्हा शिक्षकाबरोबर, पुन्हा छोट्या फेऱ्या. पुढचा उन्हाळा आला तेव्हा तिला एकटीनं लांबच्या उड्डाणाला सोडायचं ठरलं. मी मॅडमना फोन केला. त्यांना आत यायचा पास नव्हता, म्हणून विमानतळाच्या मागच्या बाजूच्या रस्त्यावर, जिथे भिंत संपून जाळी लागते, तिथे भेटायचं ठरलं. मी ढग बघायची माझी दुर्बीण घेऊन गेलो. मॅडम माझ्या आधी आल्या होत्या. स्कूटर उभी, डोक्यावर हेल्मेट तसंच, आणि जाळीच्या कडेनं येरझारा. शेजारी नाल्यावर एक बुटका कठडा होता. जागा एकाच माणसाची. मी त्याच्यावर बसलो.

ऋतुजाचं विमान आमच्या समोरच्या वाटेवरून येऊन धावपट्टीच्या तोंडाशी थांबलं. मागे एक जेट येऊन उभं राहिलं. वरून विमानं उतरत होती. ऊन चढत होतं. मॅडमनी माझ्या हातातली दुर्बीण ओढून घेतली.

"तीच वेळ आहे, सर. तेच ऊन. थांबवलं तिले." त्या आता एका जागी उभ्या होत्या, पण नुसते पाय थांबले होते, बोटं जाळीवर वाजत होती. "आता ओढली असंल तिनं. किती ओढली वं? किती?"

विमान हललं. टॉवरनं सोडलं असावं. ते धावपट्टीकडे वळायला निघालं, आवाज वाढायला लागला, आणि मग खोकल्यासारखं काहीतरी होऊन एकदम थांबला. फिरताना दिसत नाही तो पुढचा पंखा दिसायला लागला. आडवा, स्तब्ध. मागे अख्खं भरलेलं जेट उभंच्या उभं.

"बंद पडलं," मी म्हणालो. तिवारींचा चेहरा डोळ्यांसमोर आला, टॉवरची झाप आली.

"बंद पडलं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी दुर्बीण खाली घेतली. "सर, बंद पडलं! पुरती ओढली होती तिनं! विसरली पोरगी, अन् बंद पडलं!"

"मागे जेट थांबलंय, मॅडम."

"थांबू द्या त्याइले. आत एसी आहे." त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि त्या पुसतही नव्हत्या. "आज पोहे माझ्याकडून. समद्या शाळेले सांगा."

समोर पंखा एकदा झटकला, पुन्हा झटकला, आणि दिसेनासा झाला. इंजिन सुरू झालं. विमान वळलं, धावलं, आमच्या डोक्यावरून वर गेलं, आणि चढत चढत काटोलच्या दिशेला लहान होत गेलं. मी उठून, मान वर करून ते पाहत होतो.

वळून पाहिलं तर मॅडमनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं होतं. कठड्यावर, माझ्या जागेवर, त्या पाय पसरून बसल्या होत्या. जागा एकाचीच होती. मी उभा राहिलो.